युरोपचा रेनेसाँस, प्रदेशवार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीएफएचे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे आणि युरोप टूरला निघालेले काका-काकू, या तिघांचे रेनेसाँसबद्दलचे, म्हणजे युरोपच्या प्रबोधनकाळाबद्दलचे, प्रश्न साधारण सारखेच असतात. त्यातले नेहमीचे इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत उरकली आहेत. सगळीकडे एकच धागा धरला आहे: चित्रासमोर उभं राहिलं की आधी त्याचे पैसे कोणी दिले, ते कशावर रंगवलं आणि कुठे लावायचं होतं, हे विचारायचं. शैलीची नावं त्यानंतर.

रेनेसाँस नेमका कधीचा?

ढोबळमानानं १४०० ते १६००. पण हा काळ सगळीकडे एकाच दिवशी उजाडला नाही. इटलीतलं फ्लॉरेन्स आणि फ्लँडर्स (आताच्या बेल्जियमचा भाग), इथे १४२०-३० च्या दशकात मोठी कामं उभी राहिली. हंगेरीत त्याचं वारं १४७० च्या दशकात पोचलं, फ्रान्स आणि पोलंडमध्ये १५०० च्या आगेमागे, इंग्लंडमध्ये त्याहूनही थोडं उशिरा.

१४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल तुर्कांनी घेतलं, ग्रीक पंडित इटलीत पळून आले आणि प्रबोधन सुरू झालं, हे गाइडमधलं वाक्य मात्र विसरलेलं बरं. मानुएल क्रिसोलोरास हा ग्रीक पंडित फ्लॉरेन्समध्ये शिकवायला आला तो १३९७ मध्ये, आणि तोही नगरानं रीतसर बोलावणं धाडलं म्हणून. ब्रुनेलेस्कीचा घुमट १४३६ मध्ये बांधून झाला होता. १४५३ नंतर आलेल्या पंडितांनी भर घातली, पण त्यांच्या कितीतरी आधीच चूल पेटलेली होती.

सुरुवात फ्लॉरेन्समध्येच का झाली?

पैसा आणि चुरस. फ्लॉरेन्स हे लोकर, रेशीम आणि सावकारीवर गबर झालेलं नगरराज्य. तिथे राजा नव्हता; कारभार व्यापारी आणि कारागिरांच्या श्रेणींच्या, म्हणजे गिल्डांच्या हातात होता. या श्रेणी एकमेकींवर कुरघोडी करायला मूर्ती आणि इमारतींवर पैसा ओतत. १४०१ मध्ये कापड व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं बाप्तिस्मागृहाच्या ब्राँझच्या दारांसाठी स्पर्धा लावली. विषय सगळ्यांना एकच: अब्राहाम आपल्या मुलाचा बळी द्यायला निघाला आहे तो प्रसंग. काम गिबेर्तीला मिळालं, ब्रुनेलेस्की हरला. दोघांचे नमुने आजही फ्लॉरेन्सच्या बार्जेल्लो संग्रहालयात बघायला मिळतात. कोण सरस, याचा निवाडा ज्यानं त्यानं करावा. माझं मत ब्रुनेलेस्कीला. त्याच्या प्रसंगात जीव टांगणीला लागतो, गिबेर्तीचा नमुना मात्र ओतकाम म्हणून जास्त सफाईदार आहे.

हरलेला ब्रुनेलेस्की पुढे वास्तुरचनेकडे वळला आणि १४२० ते १४३६ या काळात त्यानं कॅथीड्रलवर सुमारे ४५ मीटर रुंदीचा घुमट उभा केला, तोही जमिनीपासून लाकडी आधार न उभारता. यथादर्शनाचे, म्हणजे सपाट पृष्ठावर खोली भासवण्याच्या, आपल्या कलाशाळांत ज्याला पर्स्पेक्टिव्ह म्हणतात त्या तंत्राचे, पहिले प्रयोगही त्याचेच. ते चित्रात उतरवलं मॅसाच्चोनं. सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमधलं त्याचं ‘ट्रिनिटी’ हे भित्तिचित्र १४२७ च्या सुमाराचं आहे, आणि भिंतीत खरोखरच कमानदार खोली खणली आहे असं वाटतं. मॅसाच्चो पुढच्याच वर्षी गेला, जेमतेम सव्वीस-सत्तावीस वर्षांचा.

एक गंमत: फ्लॉरेन्समध्ये चित्रकार वैद्य आणि औषधविक्रेत्यांच्या श्रेणीत मोडत. कारण सरळ आहे, रंगद्रव्यं औषधवाल्यांच्याच दुकानात मिळायची.

त्याच वेळी फ्लँडर्समध्ये काय चाललं होतं? त्यांनी इटलीकडून शिकून रंगवलं का?

नाही. हा गैरसमज सगळ्यात चिवट आहे.

मॅसाच्चोचं ‘ट्रिनिटी’ १४२७ चं, आणि यान फान आयकनं फ्लँडर्समधल्या गेंट शहराचं मोठं वेदीचित्र, म्हणजे चर्चच्या वेदीमागे लावायचं, दारांनी मिटणारं चित्र, पूर्ण केलं १४३२ मध्ये. त्याची सुरुवात त्याचा थोरला भाऊ हुबर्ट यानं केली होती. दोन्ही कामं जवळजवळ एकाच वेळची आणि एकमेकांना अनोळखी. फान आयकसमोर ग्रीक-रोमन मूर्ती नव्हत्या, गणिती यथादर्शन नव्हतं. त्याच्यामागे परंपरा होती ती फ्लँडर्सवर तेव्हा सत्ता असलेल्या बर्गंडीच्या ड्यूकांच्या दरबारातल्या हस्तलिखितांवरच्या बारीक चित्रांची आणि सोनारकामाची. त्याच्या चित्रात किरीटातला प्रत्येक खडा वेगळा चमकतो, गवताची पाती मोजता येतात.

पैसा इथेही व्यापाऱ्यांचाच. गेंटचं चित्र योडोकुस फाइट नावाच्या श्रीमंत नगरसेवकानं करवून घेतलं आणि मिटवलेल्या दारांच्या बाहेरच्या बाजूला स्वतःला आणि बायकोला गुडघे टेकलेलं दाखवायला लावलं. चेहऱ्यावरचे चामखीळ आणि सुरकुत्या शाबूत आहेत. १४३४ चं प्रसिद्ध ‘अर्नोल्फीनी’ चित्रही फ्लँडर्सच्या ब्रुगे शहरात पेढी थाटलेल्या इटालियन घराण्यातल्या माणसाचं. म्हणजे इटलीचा पैसा फ्लेमिश, म्हणजे फ्लँडर्सच्या, चित्रकाराकडे जात होता. त्या चित्रातल्या खोलीच्या रेषा एका बिंदूला मिळत नाहीत. गणितानं ती चुकीची ठरेल. तरी त्या खोलीत पाऊल टाकता येईल असं वाटतं. खिडकीतून आलेला उजेड पितळी झुंबरावर, आरशावर आणि लाकडी जमिनीवर कसा निरनिराळा पडतो, त्याची ही किमया.

मग तैलरंगाचा शोध फान आयकचा, हे तरी खरं ना?

तेही नाही. बाराव्या शतकात थिओफिलस नावाच्या साधूनं जवसाच्या तेलात रंग घोटायची रीत लिहून ठेवली आहे, आणि अफगाणिस्तानात बामियानच्या लेण्यांतल्या, सातव्या शतकाच्या आसपासच्या भित्तिचित्रांतही तेलाचा वापर सापडला आहे. फान आयकचं श्रेय वेगळं आहे. त्यानं पारदर्शक तेलरंगाचे पातळ थर एकावर एक चढवले. उजेड थरांतून आत जाऊन खालच्या पांढऱ्या अस्तरावरून परत फिरतो, त्यामुळे रंग आतून उजळल्यासारखे दिसतात. शोधाची गोष्ट सोळाव्या शतकात व्हासारीनं पसरवली. कलावंतांची चरित्रं लिहिणारा व्हासारी फ्लॉरेन्सच्या सत्ताधारी सावकार मेदिची घराण्याच्या पदरचा, त्यामुळे त्याच्या लेखनात जगातलं बहुतेक सगळं चांगलं फ्लॉरेन्सच्या आसपास घडतं. ‘इटली आधी, बाकीचे मागून’ ही मांडणी बरीचशी त्याचीच देणगी. निदान तेलरंगाचं श्रेय तरी त्यानं परमुलखाला दिलं, आणि नेमकं तिथेच चुकला.

इटलीत भिंतीवर आणि उत्तरेत लाकडावर, असा फरक का?

हवेमुळे आणि इमारतींमुळे. फ्रेस्को म्हणजे ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर पाण्यातले रंग. चुना वाळताना रंग भिंतीत पक्का बसतो. मध्य इटलीची कोरडी हवा त्याला मानवते आणि तिथल्या चर्चना मोठ्या सपाट भिंती असतात. उत्तरेतली गॉथिक चर्च म्हणजे खांब आणि रंगीत काचांच्या उंच खिडक्या. भिंत आहेच कुठे? हवा दमट. म्हणून चित्र वेदीमागे, लाकडी फळ्यांवर, बिजागऱ्यांची दारं लावून. एरवी ती मिटलेली असत आणि सणावारी उघडत.

लाकूडही प्रदेशाचं. फ्लँडर्समध्ये ओक, आणि तोसुद्धा पुष्कळदा बाल्टिक किनाऱ्यावरून आलेला. इटलीत पॉप्लर, मोनालिसा पॉप्लरच्याच फळीवर आहे. दक्षिण जर्मनीत लिंडनचं मऊ लाकूड, ज्यात टिलमान रीमेनश्नायडरनं कोरलेल्या वेदीमूर्ती बघाव्यात. काही मूर्ती त्यानं रंगाविना, नुसत्या लाकडाच्या ठेवल्या.

व्हेनिस इटलीत असूनही या हिशेबात बसत नाही. खाऱ्या दमट हवेत फ्रेस्को टिकेना, तेव्हा तिथल्या चित्रकारांनी कॅनव्हास जवळ केला. जहाजांच्या शिडांमुळे दणकट कापडाला गावात तोटा नव्हताच.

आणि लिओनार्दो? त्याला फ्रेस्कोची घाई पसंत नव्हती, कारण गिलावा वाळायच्या आत हात उरकावा लागतो. म्हणून मिलानमधलं ‘लास्ट सपर’ त्यानं कोरड्या भिंतीवर आपल्याच पद्धतीनं रंगवलं. १४९८ च्या सुमाराला ते पुरं झालं आणि त्याच्या हयातीतच रंग सुटायला लागले.

समोरचं चित्र इटालियन की फ्लेमिश, हे ओळखायचं कसं?

पंधराव्या शतकापुरत्या काही खुणा उपयोगी पडतात. इटालियन चित्रात शरीराचं वजन जाणवतं. कपड्याखाली गुडघा कुठे आहे ते कळतं, माणसं मोकळ्या, मोजलेल्या जागेत उभी असतात. फ्लेमिश चित्रात कापडाच्या घड्या काटकोनात मोडतात, शरीर त्याखाली हरवतं, पण ते कापड मखमल आहे की फर की लोकर, याबद्दल शंका राहत नाही.

व्यक्तिचित्रांत फरक जास्त ठळक दिसतो. इटलीत बराच काळ चेहरा बाजूनं, नाण्यावरच्या राजासारखा काढत. पिएरो देला फ्रांचेस्कानं काढलेली उर्बिनोच्या ड्यूक-डचेसची जोडी आठवा. फ्लँडर्समध्ये मात्र फान आयकचा लाल मुंडाशावाला माणूस १४३३ मध्येच मान वळवून थेट आपल्याकडे बघतो आहे. १४७० नंतर इटलीनंही हा तिरपा चेहरा उचलला. मोनालिसाची बैठक त्याच वळणाची.

म्हणजे उत्तरेचा इटलीवरही प्रभाव पडला?

भरपूर. मेदिचींच्या पेढीचा ब्रुगेमधला कारभारी तोमासो पोर्तिनारी यानं हुगो फान डेर गूसकडून एक वेदीचित्र करवून घेतलं. दारं उघडली की जवळपास सहा मीटर रुंद. समुद्रमार्गे ते १४८३ मध्ये फ्लॉरेन्सला पोचलं आणि इस्पितळाच्या चर्चमध्ये लागलं. त्यात बाळ येशूकडे धावत आलेले मेंढपाळ आहेत: रापलेले, दात पडलेले, तोंडाचा आ वासलेले. फ्लॉरेन्सच्या चित्रकारांना असे गावंढे चेहरे देवाच्या चित्रात बघायची सवय नव्हती. दोनच वर्षांत गिर्लांदाइओनं सांता त्रिनिता चर्चसाठी त्याच प्रसंगाचं चित्र काढलं, आणि त्याचे मेंढपाळ थेट हुगोच्या मेंढपाळांचे भाऊबंद वाटतात.

उर्बिनोच्या ड्यूकनं तर दरबारी चित्रकारच गेंटहून आणवला. आंतोनेल्लो दा मेस्सीना हा सिसिलीचा चित्रकार फ्लेमिश तेलरंगात तयार झाला आणि १४७५ मध्ये व्हेनिसला येऊन राहिला. व्हेनिसचा चित्रकार बेल्लीनी याच्या पुढच्या कामात तो उजेड दिसतो. मायकेलअँजेलोला मात्र हे सारं रुचत नसे. फ्लेमिश चित्रं बघून भाविकांच्या डोळ्यांत पाणी येतं, पण त्यांत प्रमाण आणि निवड नाही, अशा अर्थाचं त्याचं बोलणं फ्रान्सिस्को द ओलांदा या पोर्तुगीज चित्रकारानं नोंदवून ठेवलं आहे.

इटलीची तरी एकच शैली होती का?

तीही नाही. फ्लॉरेन्समध्ये रेखाटन आधी, रंग मागून. व्हेनिसमध्ये उलट. ते पूर्वेच्या व्यापाराचं बंदर. अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतला लाजवर्द, म्हणजे निळ्या रंगाचा दगड, तिथेच उतरायचा, रंगद्रव्यं विकणारी वेगळी दुकानं होती. तिशियननं १५१६ ते १५१८ मध्ये फ्रारी चर्चसाठी मरियेचं स्वर्गारोहण रंगवलं, त्यातला लाल रंग चर्चच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचतो. रोमचा मामला पोपचा. ज्युलियस दुसरा यानं मायकेलअँजेलोला सिस्टीन चॅपलचं छत (१५०८ ते १५१२) आणि राफाएलला आपल्या दालनांच्या भिंती जवळजवळ एकाच वेळी दिल्या. १५२७ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या पगार थकलेल्या सैन्यानं रोम लुटलं, कलावंत पांगले, आणि त्यांच्याबरोबर रोमची शैली बाहेर पसरली.

जर्मनीचं वेगळेपण कशात?

कागदात. मेन्झमध्ये योहान गुटेनबर्गनं १४५५ च्या सुमाराला बायबल छापलं. न्यूरेंबर्गच्या आल्ब्रेख्त ड्यूररनं छपाईची ताकद चित्रासाठी ओळखली. १४९८ मध्ये बायबलमधल्या जगाच्या अंताच्या कथेवरचे त्याचे काष्ठठसे, म्हणजे लाकडी ठोकळ्यावर कोरून छापलेली चित्रं, बाहेर पडले, आणि प्रकाशकही तो स्वतःच. त्याची आई आणि बायको ॲग्नेस जत्रांमध्ये ठसे विकत. वेदीचित्र एका गावात राहतं. ठशाच्या शेकडो प्रती घाटमाथे ओलांडतात. ‘ए’ आणि ‘डी’ गुंफलेली त्याची सही इतकी ओळखीची झाली की तिची नक्कल होऊ लागली. पुढे इटालियन चित्रकार ड्यूररच्या ठशांतून झाडं आणि घरं उचलत होते.

ड्यूरर दोनदा इटलीला गेला. १५०६ मध्ये व्हेनिसहून मित्राला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो, इथे मी मोठा माणूस आहे, घरी बांडगूळ. ही तुलनेच्या अभ्यासातली एक कळीची नोंद आहे, कारण चित्रकाराच्या सामाजिक प्रतिष्ठेतला फरक त्यात उघडा पडतो. उत्तरेत चित्रकार हा सुतार-लोहारांच्या पंगतीतला कारागीर होता. इटलीत तो कवी-पंडितांच्या रांगेत बसू लागला होता.

पण जर्मनी म्हणजे फक्त ड्यूरर नव्हे. ग्र्यूनेवाल्डचं आयझेनहाइमचं वेदीचित्र (१५१२ ते १५१६) बघितल्याशिवाय या प्रदेशाबद्दल मत बनवू नये. ते रंगवलं गेलं एका मठाच्या इस्पितळासाठी. राय धान्याला लागणाऱ्या बुरशीमुळे होणाऱ्या भयंकर रोगाचे रुग्ण तिथे येत. अंगाची आग होई, हातपाय झडत. चित्रातल्या क्रुसावरच्या ख्रिस्ताची कातडी फोडांनी भरलेली, हिरवट, बोटं वेदनेनं ताठलेली. रुग्णाला तो आपल्यातला वाटावा, हाच उद्देश. ज्या वर्षी मायकेलअँजेलोनं सिस्टीनमधले निकोप, बलदंड देह पुरे केले, त्याच वर्षी ग्र्यूनेवाल्डचं काम सुरू झालं. दोघांनाही शरीररचना उत्तम कळत होती. एकाचा गिऱ्हाईक पोप, दुसऱ्याचं मरणपंथाला लागलेले शेतकरी.

ड्यूररचा गेंडा गोव्याहून गेला होता, ही दंतकथा की खरं?

अगदी खरं. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशाह यानं तो गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क याला भेट दिला. अल्बुकर्कनं जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून जहाजावर चढवून पोर्तुगालचा राजा मानुएल याच्याकडे धाडला, आणि २० मे १५१५ ला तो लिस्बनला उतरला. राजानं हत्तीशी त्याची झुंज लावून बघितली, हत्ती पळाला. लिस्बनहून गेलेलं पत्र आणि ओबडधोबड रेखाटन पाहून ड्यूररनं न्यूरेंबर्गमध्ये बसून काष्ठठसा केला. जनावर त्यानं कधीच पाहिलं नाही, म्हणून कातडी चिलखतासारखी रिव्हेट मारलेली आणि खांद्यावर एक जादा शिंगही. पुढची दोन-अडीचशे वर्षं युरोपला गेंडा म्हणजे हाच. खरा गेंडा पोपला भेट म्हणून जात असताना १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून मेला.

धर्मसुधारणेनं चित्रकलेचं काय झालं?

दोन तुकडे. पोपविरुद्ध ही चळवळ सुरू करणाऱ्या जर्मन ल्यूथरला स्वतःला चित्रांचं वावडं नव्हतं. विटेनबर्गचा लुकास क्रानाख त्याचा मित्र, आणि त्याच्या कारखान्यातून ल्यूथरची व्यक्तिचित्रं घाऊक निघत. पण झुरिकमध्ये १५२४ ला चर्चमधल्या प्रतिमा काढून टाकल्या, बाझेलमध्ये १५२९ ला जमावानं फोडल्या, आणि १५६६ मध्ये ती लाट अँटवर्पपर्यंत पोचली. वेदीचित्रांची मागणीच आटली. चित्रकार जगायला व्यक्तिचित्रं, निसर्गदृश्यं आणि शेतकऱ्यांच्या जीवनाकडे वळले. फ्लेमिश चित्रकार ब्रॉयगेलचं ‘बर्फातले शिकारी’ १५६५ चं. तो इटली पाहून आलेला होता, पण त्यानं तिथल्या मूर्ती नाही आणल्या. वाटेतले आल्प्स आणले, आणि सपाट फ्लँडर्सच्या मागे उभे केले.

कॅथलिक बाजूला वेगळी कात्री लागली. १५७३ मध्ये व्हेनिसच्या व्हेरोनेझेला धर्मन्यायालयानं बोलावलं: ख्रिस्ताच्या शेवटच्या भोजनात विदूषक, बुटके आणि जर्मन सैनिक कशाला? चित्रात फेरफार करायचं फर्मान निघालं. व्हेरोनेझेनं चित्राचं नाव बदलून ‘लेवीच्या घरची मेजवानी’ केलं आणि विदूषक जागेवरच राहिले.

फ्रान्सनं काय घेतलं?

माणसं घेतली. १४९४ पासून फ्रेंच राजे इटलीवर स्वाऱ्या करत होते. राज्य टिकलं नाही, चटक मात्र लागली. पहिल्या फ्रान्स्वानं १५१६ मध्ये लिओनार्दोला आंब्वाजला आणलं, म्हणून मोनालिसा आज पॅरिसात आहे. १५३० च्या दशकात फोंतेनब्लोच्या राजवाड्यात रोस्सो आणि प्रिमातिच्चो या इटालियन चित्रकारांनी चित्रांभोवती गिलाव्याच्या उठावदार आकृतींच्या चौकटी रचल्या. ही शैली दरबाराची आणि शिकारी राजवाड्यांची. शहरी व्यापाऱ्यांचा हात इथे फारसा नाही, आणि तो फरक डोळ्यांना कळतो.

स्पेन आणि पोर्तुगाल?

स्पेनमध्ये तीन प्रवाह एकत्र आले. राणी इसाबेलला फ्लेमिश चित्रं प्रिय. दक्षिणेत मुस्लिम कारागिरीचा वारसा. आणि वर इटालियन आराखडे. ग्रानाडात मुस्लिम राजांच्या आल्हांब्रातल्या नाजूक महालांना खेटून, स्पेनचाही राजा असलेल्या पाचव्या चार्ल्सनं १५२७ मध्ये सुरू केलेला दगडी राजवाडा आहे, चौकोनात गोल अंगण असलेला. वास्तू म्हणून अव्वल, शेजारी म्हणून उद्धट. त्याचा मुलगा राजा फिलिप दुसरा एकाच वेळी तिशियन आणि हिएरोनिमस बॉश यांची चित्रं जमवत होता. ग्रॅनाइटचा एस्कोरियाल त्यानं १५६३ ते १५८४ मध्ये बांधला: मठ, राजवाडा, ग्रंथालय आणि दफनघर एकाच छपराखाली. क्रीटमध्ये जन्मलेला, व्हेनिस-रोममध्ये शिकलेला एल ग्रेको मात्र त्याला आवडला नाही. ग्रेकोचं बस्तान तोलेदोत बसलं.

पोर्तुगालची मानुएल शैली दोरखंड, पोवळी आणि खगोलयंत्रं दगडात कोरते. लिस्बनचा जेरोनिमोस मठ बराचसा आशिया-आफ्रिकेच्या व्यापारावरच्या करातून उभा राहिला, आणि त्यात मसाल्यांचा वाटा मोठा. म्हणजे मलबारची मिरी त्या खांबांत आहे.

जुन्या गोव्यातली चर्च रेनेसाँसची म्हणायची का?

काही अंशी. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चचं दार आधीच्या इमारतीतून राहिलेलं, अस्सल मानुएल शैलीतलं. टेकडीवरचं रोझरी चर्चही त्याच वळणाचं. से कॅथीड्रलचं काम १५६२ मध्ये सुरू होऊन १६१९ मध्ये संपलं. त्याचा आराखडा उत्तर-रेनेसाँसचा. बॉम जेझू (१५९४ ते १६०५) बरोकच्या, म्हणजे रेनेसाँसनंतरच्या भपकेदार शैलीच्या, उंबऱ्यावर आहे. पण दगड जांभा, कारागीर इथले, आणि आतल्या लाकडी कोरीवकामात ते लपत नाही.

इमारतींपेक्षा मला गार्सिया द ओर्ता जास्त महत्त्वाचा वाटतो. सालामांका आणि आल्कालात शिकलेला हा वैद्य गोव्यात राहिला, मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्यानं होतं. १५५६ मध्ये गोव्यात छापखाना आला आणि १५६३ मध्ये त्याचा भारतीय औषधींवरचा संवादग्रंथ तिथेच छापला गेला. जुन्या ग्रीक वैद्यांचं म्हणणं इथल्या झाडपाल्याशी, इथल्या वैद्य-हकिमांच्या अनुभवाशी ताडून बघणं आणि चूक असेल तिथे चूक म्हणणं, ही त्या काळची नवी विद्या. त्याच्या मृत्यूनंतर, १५८० मध्ये, तो छुपा यहुदी होता म्हणून धर्मन्यायालयानं त्याची हाडं उकरून जाळली.

पूर्व युरोपचा उल्लेख कुठेच का नसतो?

इंग्रजी पाठ्यपुस्तकांच्या सवयीमुळे. वास्तविक आल्प्सपलीकडे इटालियन शैली सगळ्यात आधी रुजली त्या ठिकाणांपैकी एक हंगेरी. राजा माथियास कोर्विनस (१४५८ ते १४९०) यानं १४७६ मध्ये नेपल्सच्या बेआत्रिचेशी लग्न केलं, बुडा या राजधानीत इटालियन कारागीर आणले आणि थक्क करणारं हस्तलिखित-ग्रंथालय उभारलं. १५२६ मध्ये मोहाचच्या लढाईत हंगेरी तुर्कांपुढे पडली, पुढे ते वैभव विखुरलं. पोलंडमध्ये क्राकूवच्या वावेल टेकडीवर फ्लॉरेन्सजवळच्या बेरेच्चीनं १५१९ ते १५३३ मध्ये बांधलेलं सिगिस्मुंड चॅपल आहे. आल्प्सच्या उत्तरेला इतकं निखळ टस्कन काम दुसरं दाखवणं अवघड. त्याआधी १४७५ मध्ये बोलोन्याचा वास्तुकार फिओरावांती मॉस्कोला गेला, आणि क्रेमलिनमधलं कॅथीड्रल त्याला जुन्या रशियन नमुन्याबरहुकूम बांधायला लावलं. इटालियन तंत्र, रशियन रूप.

इंग्लंड?

चित्रकलेत उधारीवर. वेस्टमिन्स्टर ॲबेमधली सातव्या हेन्रीची समाधी तोर्रिजानो या फ्लॉरेन्सच्या शिल्पकाराची. तरुणपणी मायकेलअँजेलोचं नाक फोडणारा तोच. त्यानंतर जर्मन चित्रकार हॉल्बाइन. आठव्या हेन्रीनं रोमशी नातं तोडून मठ बंद केल्यावर धार्मिक चित्रांचं गिऱ्हाईकच उरलं नाही. इंग्लंडचा रेनेसाँस रंगभूमीवर आणि कवितेत शोधावा.

संगीतातही इटलीकडून बाहेर, हीच दिशा होती का?

उलटी! फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलचं २५ मार्च १४३६ ला पवित्रीकरण झालं तेव्हाचं खास संगीत रचलं द्यूफाईनं, आणि तो उत्तरेचा. १५२७ मध्ये व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चचा संगीतप्रमुख नेमला गेला तोही फ्लेमिश: विलार्ट. जवळजवळ शंभर वर्षं इटलीतले दरबार आपले गायक-रचनाकार आताच्या बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समधून मागवत होते. चित्रकलेवरून ‘केंद्र’ आणि ‘परीघ’ ठरवणाऱ्यांनी ही बाजू जरूर बघावी.

स्त्री चित्रकार होत्या का?

होत्या, बहुतेक चित्रकाराच्या मुली. कारखान्यात शिकाऊ म्हणून राहणं आणि नग्न देहाचा अभ्यास त्यांना बंद. अँटवर्पच्या कातरिना फान हेमेसेननं १५४८ मध्ये चित्रफलकासमोर बसलेलं आत्मचित्र काढलं. क्रेमोनाची सोफोनिस्बा आंग्विस्सोला अपवाद: वडील चित्रकार नव्हते, खानदानी होते. १५५९ मध्ये ती राणीची सखी म्हणून स्पेनच्या दरबारात गेली आणि तिथे राजघराण्याची व्यक्तिचित्रं केली. बोलोन्याच्या लाव्हिनिया फोंतानानं अकरा बाळंतपणं सांभाळून चित्रांच्या कमाईवर घर चालवलं.

एकाच ठिकाणी तुलना करायची असेल तर कुठे जावं?

फ्लॉरेन्सच्या उफ्फीझीत सगळे बोत्तिचेल्लीपुढे गर्दी करतात. पोर्तिनारीचं वेदीचित्रही तिथेच आहे, आणि ते सोडून बाहेर पडू नये. लंडनच्या नॅशनल गॅलरीला तिकीट नाही. अर्नोल्फीनी, बेल्लीनीनं काढलेला व्हेनिसचा दोजे (राज्यप्रमुख) लोरेदान, तिशियनचा बाखुस आणि हॉल्बाइनचे १५३३ चे दोन राजदूत एका दुपारी बघून होतात. राजदूतांच्या पायाशी पसरलेला लांबट डाग चित्राच्या उजव्या कडेला जाऊन तिरपं बघितलं की कवटी होतो. माद्रिदच्या प्रादोत रोजियर फान डेर वायडनचं ‘क्रुसावरून उतरवताना’ आणि बॉशचं ‘गार्डन ऑफ अर्थली डिलाइट्स’. ब्रॉयगेलसाठी व्हिएन्ना. ग्र्यूनेवाल्ड मात्र कोलमारला, फ्रान्सच्या पूर्व टोकाला. टूरवाले तिथे फुलांच्या खिडक्या आणि कालवा दाखवून पुढे नेतात, तेव्हा उंटरलिंडेन संग्रहालयासाठी दोन तास आधीच मागून घ्यावेत. घरबसल्या बघायचं असेल तर गेंटच्या वेदीचित्राचे अतिशय बारीक तपशिलाचे फोटो इंटरनेटवर मोफत आहेत. मोबाइलपेक्षा मोठ्या पडद्यावर उघडा.